चित्र आणि चौकट

आमच्या माजघरांत राजा रविवर्म्याच्या छापखान्यांतील लक्ष्मीचें एक चित्र आहे. हा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील चित्रांनीं महाराष्ट्रांतील कितीतरी घरांच्या भिंती शोभविल्या. आमच्या लक्ष्मीच्या वस्त्रावर आजीनें स्वहस्तें जर व टिकल्या टांकल्या आहेत, आणि चित्राच्या पाठीवर आजोबांनीं आपल्या सहाही अपत्यांच्या जन्मतिथि शाईनें लिहून ठेविल्या होत्या. 'होत्या' असें कां म्हणावें लागतें, तेंच आज सांगावयाचें आहे.

वीस वर्षांपूर्वीं जुन्या चौकटीस वाळवी लागली, तेव्हां मीं नवी करविली. वेलबुट्टीची, चार बोटें रुंद सोनेरी चौकट मींच पसंत केली. कांच चित्रास अगदीं भिडवून बसवूं दिली. आणि सुरकुती पडूं नये म्हणून चित्र पुठ्ठ्यावर पक्कें चिकटविण्यासही मींच सांगितलें. तिन्ही गोष्टी चुकल्या.

पहिली चूक शोभेची. औचित्य हें काव्याचें जीवित होय, असा सिद्धांत क्षेमेन्द्रानें अकराव्या शतकांत मांडला. तो येथेंही लागू पडतो. चौकट ही चित्राची परिचारिका, सवत नव्हे. नाजूक चित्राभोंवतीं भपकेदार चौकट आली कीं नजर कांठावरच अडखळते. अशा चित्रास त्यांतील एखाद्या गडद रंगाशीं जुळणारी सागवानाची साधी पट्टी बहुधा शोभते. भिंतीचा रंग पाहावा, परंतु निर्णय चित्राकडे पाहूनच करावा.

दुसरी चूक कांचेची. कागदावरील चित्रास, मग तें छापील असो वा जलरंगांतील, कांच हवीच; पण ती चित्रास टेकतां कामा नये. पावसाळ्यांत कांचेच्या आंतल्या अंगास दमटपणा धरतो, बुरशी येते व रंग कांचेस चिकटून बसतो. म्हणून दोहोंमध्यें जाड पुठ्ठ्याची कोरी किनार ठेवावी. कारागीर तिला 'माउंट' म्हणतात. ती खालच्या बाजूस किंचित् अधिक रुंद असावी, नाहीं तर चित्र घसरत आहेसें भासतें. जर-टिकल्यांच्या चित्रास हें अंतर आणखी वाढवावें लागतें. कापडावरील तैलचित्रास मात्र सामान्यतः कांच लावीत नाहींत.

तिसरी चूक सर्वांत मोठी. साध्या पुठ्ठ्यांतील अम्लानें कालांतरानें कागद पिवळा व ठिसूळ होतो; म्हणून अम्लरहित पुठ्ठा मागून घ्यावा. त्यावरही चित्र सर्वांगानें चिकटवूं नये. वरच्या कडेस पातळ पण चिवट कागदाच्या दोन लहान पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनें लावाव्या, म्हणजे चित्र पुढें केव्हांही सोडवितां येतें. चौकटींत मावत नाहीं म्हणून चित्राच्या कडा तर कधींच कापूं नयेत. शेवटीं, जेथें ऊन येतें किंवा पावसानें भिंत ओलावते तेथें चित्र टांगूं नये. आणि मागें वारा खेळावा म्हणून चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांस बुचाचे तुकडे लावावे.

गेल्या दिवाळींत आमच्या नव्वदीच्या आत्याबाई आल्या होत्या. त्या सहांपैकीं आतां त्या एकट्याच उरल्या आहेत. "चित्र जरा उतरव रे, अण्णांचें अक्षर एकदां पाहूं दे," असें त्या म्हणाल्या. मीं खालमानेनें सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं सोनेरी वेलबुट्टीवरून हात फिरविला आणि हंसून म्हटलें, "चौकट झकास आहे हो, पण माझा जन्म तूं आंत कोंडलास."

त्यांची तिथि दुसरीकडे कोठेंही लिहिलेली नाहीं. असा चिकटलेला कागद जुन्या कागदांच्या जाणकाराकडूनच सोडवून घ्यावा लागतो, आणि तसा जाणकार मी आतां शोधीत आहें. वाचकांनीं मात्र एवढें करावें: चौकटीचा नमुना निवडण्यापूर्वीं चित्र एकदां उलटून पाहावें.