परक्याला बंद केलेले दार

गेल्या हिवाळ्यात आमच्या सेलूच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय मराठी विभागाने, म्हणजे आम्हीच, ठरवला होता : 'राष्ट्रनेत्याचा अवमान करणाऱ्या परकीय नागरिकास देशात प्रवेश नाकारावा.' अनुकूल बाजूने नऊ नावे आली. प्रतिकूल बाजूने एकही आले नाही. वर्गावर्गांत जाऊन विचारले, तेव्हा द्वितीय वर्षाचा एक मुलगा म्हणाला, "सर, मी बोलतो, पण कोणी व्हिडिओ काढू नये." अशी हमी आजच्या काळात कोण देणार? शेवटी प्रतिकूल बाजूने आम्ही दोघे अध्यापकच उभे राहिलो. मिळालेल्या वेळात आमचे म्हणणे पुरे झाले नाही; मुलांनी टाळ्या वाजवल्या त्याही बहुधा आदरापोटी. उरलेले म्हणणे येथे मांडत आहोत.

त्या दिवशी सर्वांत जास्त दाद मिळाली ती एका प्रश्नाला : "आपल्या घरी येऊन आपल्या आईबापांना शिव्या देणाऱ्याला तुम्ही चहा पाजाल का, सर?" नाही पाजणार. परंतु देश म्हणजे एकाच कर्त्याचे घर नव्हे. येथे पाहुण्याला बोलावणारे अनेक असतात : विद्यापीठ असते, साहित्यसंस्था असते, एखादे कुटुंब असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनच्या प्राध्यापिका निताशा कौल बंगळुरूच्या विमानतळावरून परत पाठवल्या गेल्या. त्यांना निमंत्रण होते कर्नाटक शासनाचे, आणि परिषद होती भारतीय संविधानावर. म्हणजे घरातल्या एकाने पाहुणा बोलवायचा आणि दुसऱ्याने त्याला दारातूनच परत लावायचा! असे जिथे होते तिथे अपमान पाहुण्याचा जितका होतो, तितकाच बोलावणाऱ्याचाही होतो.

पण हे झाले उपमेला उत्तर. मुलांचा खरा आधार उपमेत नव्हता. तो एका घटनेत होता, आणि तिचे नाव नऊपैकी बहुतेकांनी घेतले. जेम्स लेन. तेव्हा त्या घटनेकडेच वळू.

लेन हे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील मॅकॅलेस्टर कॉलेजचे धर्माभ्यासक. 'शिवाजी : हिंदू किंग इन इस्लामिक इंडिया' हे त्यांचे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २००३ साली प्रसिद्ध केले. त्यात शिवाजी महाराजांच्या जन्मासंबंधी कोणा अनामिकांच्या तोंडच्या एका हिणकस विनोदाचा उल्लेख होता. त्या उल्लेखाने आम्हीही दुखावलो होतो, हे लपवण्याचे कारण नाही. ज्या कुजबुजीला कागद नाही, साक्ष नाही, ती संशोधनग्रंथात आणायची तर फार मोठी जबाबदारी पत्करावी लागते, आणि ती तेथे पत्करलेली दिसत नाही. इतिहासाच्या अभ्यासकांनी निषेधाचे पत्र लिहिले. प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्येच दिलगिरी व्यक्त करून पुस्तक भारतातून मागे घेतले. येथवर जे घडले ते विद्येच्या व्यवहाराला शोभणारेच होते. लेखकाने चूक केली, जाणत्यांनी ती दाखवली, प्रकाशक माघारी गेला.

त्यानंतर काय झाले? डिसेंबर २००३ मध्ये पुण्यात संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळे फासण्यात आले. त्यांचा दोष एवढाच, की लेन यांनी पुस्तकात त्यांचे आभार मानले होते. या प्रकाराने व्यथित होऊन गजानन मेहेंदळे यांनी, ज्यांनी आयुष्य शिवचरित्राला वाहिले त्या मेहेंदळ्यांनी, आपल्याच शिवचरित्राच्या हस्तलिखिताची पाने फाडून टाकली. ५ जानेवारी २००४ रोजी संभाजी ब्रिगेडच्या जमावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला केला. कपाटे पाडली, पोथ्या-पुस्तके विखुरली, सरस्वतीची प्रतिमाही सुटली नाही. ७२ जणांना अटक झाली. त्याच महिन्यात राज्यशासनाने, जे पुस्तक प्रकाशकाने आधीच मागे घेतले होते, त्याच्यावर बंदी घातली आणि लेखकावर गुन्हा नोंदवला गेला. मार्चमध्ये लेन यांना पकडून आणण्यासाठी इंटरपोलची मदत घेण्याची भाषा सुरू झाली. जानेवारीत पंतप्रधान वाजपेयी यांनी पुस्तकाला उत्तर पुस्तकानेच द्यावे, असे म्हटले होते. मार्चमध्ये, निवडणुकीच्या प्रचारात, त्यांनीच परदेशी लेखकांना आमच्या राष्ट्रीय अभिमानाशी खेळू नका असा इशारा दिला. राज्यात सत्ता एका आघाडीची, केंद्रात दुसऱ्या. या बाबतीत दोघांचा सूर मात्र एकच.

आता सुज्ञ वाचकांनी हिशेब मांडावा. लेन मिनेसोटात होते आणि तेथेच राहिले. त्यांची नोकरी गेली नाही, त्यांच्या घराची काच फुटली नाही, त्यांच्या देशात पुस्तक उपलब्धच राहिले. काळे फासले गेले ते पुण्याच्या पंडिताला. पाने फाटली ती मराठी इतिहासकाराची. मोडतोड झाली ती ज्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या दालनांची. शेवटी न्यायालयात काय टिकले? २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशक व मुद्रक यांच्यावरील फौजदारी कारवाई रद्द केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. परक्याला शिक्षा द्यायला निघालो आणि सारी शिक्षा आपल्याच माणसांना झाली. आमचा मुख्य मुद्दा तो हाच. परक्याला रोखण्याचा उपाय परक्यापर्यंत पोचतच नाही. त्याला ज्याने पोथी दाखवली, ज्याने शब्दाचा अर्थ सांगितला, ज्याने आपल्या घरी जेवू घातले, त्या आपल्या माणसावर तो कोसळतो.

आणि आणखी एक. ज्या लेन यांना येथे पाऊल ठेवू देऊ नये असे आपण म्हणतो, त्यांनीच २००१ साली कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' इंग्रजीत नेले. ते काम बहुलकरांच्या सहकार्याने झाले होते. एका माणसाच्या खात्यावर जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू असतात. दारावरचा अधिकारी मात्र एकच बाजू वाचतो. हा नियम आधीपासून असता, तर प्रत्येक परदेशी अभ्यासकाने महाराष्ट्रात येताना कोणता विषय टाळावा याचा विचार केला असता. ॲन फेल्डहाउस यांनी आमच्या विदर्भातल्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्र इंग्रजीत नेले, सोंथायमर यांनी धनगरांचा बिरोबा आणि जेजुरीचा खंडोबा जगाच्या अभ्यासकांपुढे ठेवला, एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीचा इतिहास लिहिला. श्रद्धा आणि इतिहास यांच्या सीमेवर काम करणाऱ्या या माणसांना कोणता तरी गट दुखावण्याची भीती पावलोपावली असणारच. ती भीती कायद्यानेच घालायची ठरवली, तर ते काम होणार कसे?

अवमानाला उत्तर देण्याची दुसरी रीत मराठी माणसाला ठाऊक नव्हती असेही नाही. ग्रँट डफ याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीच्या रानातला वणवा, असे त्याने म्हटले. म्हणजे त्यामागे ना विचार ना योजना. १८६७-६८ च्या सुमारास नीलकंठ जनार्दन कीर्तने या डेक्कन कॉलेजातल्या तरुणाने त्या ग्रंथावर सविस्तर टीका लिहिली. डफने काय चुकीचे वाचले, कोणती साधने पाहिलीच नाहीत, हे दाखवले. पुढे राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत फिरले आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड आला. १९०० साली न्यायमूर्ती रानड्यांचा मराठी सत्तेच्या उत्कर्षावरचा ग्रंथ, १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ. एका परक्याच्या तुच्छतेतून मराठी इतिहासशास्त्राला केवढी चालना मिळाली!

यावर आमचे एक सहकारी म्हणाले, "तेव्हा आपण गुलाम होतो, लेखणीशिवाय हातात काय होते? आज सत्ता आपली आहे." आक्षेप वजनदार आहे. पण त्या काळी ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी ती कशी वापरली, तेही पाहावे. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बी. जी. हॉर्निमन हे जन्माने इंग्रज. एप्रिल १९१९ मध्ये मुंबई सरकारने त्यांना जहाजावर चढवून विलायतेला धाडले. गुन्हा हा, की त्यांनी राज्यकर्त्यांवर टीका केली. १९२६ साली ते परत आले. आज मुंबईत हॉर्निमन सर्कल आहे. त्यांना हाकलणाऱ्या गव्हर्नराचे नाव किती जणांना सांगता येईल? टीकाकाराला सीमेबाहेर काढणे ही राज्यकर्त्यांची जुनी खोड आहे. स्वराज्यात ती आपण पुढे चालवायची, याला अभिमान म्हणावे की वारसा?

हॉर्निमनच्या उदाहरणाने आणखी एक गोंधळ उघड होतो. 'राष्ट्रनेता' या शब्दात दोन निराळी माणसे दडली आहेत. एक शिवाजी महाराज, फुले, गांधी, आंबेडकर यांच्यासारखे इतिहासात गेलेले. दुसरे आज खुर्चीवर असलेले. पहिल्यांच्या सन्मानासाठी केलेला नियम दुसऱ्यांच्या सोयीसाठी वापरला जातो, हे जगभर दिसते. मे २०१९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकात पंतप्रधानांवर टीकात्मक मुखपृष्ठलेख लिहिणारे आतिश तासीर यांची परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाची नोंद त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द झाली. वडिलांचे पाकिस्तानी मूळ दडवले, हे शासनाचे कारण; लेखाशी संबंध नाही, असेही सांगितले गेले. ते खरे असेलही. परंतु वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात लेखच आला, आणि असल्या नियमाला तेवढेच पुरते.

आमच्या सेलूहून वर्ध्याला जाताना वाटेत पवनार लागते आणि वर्ध्याच्या पलीकडे सेवाग्राम. या परिसराला तरी वेगळे सांगण्याची गरज नसावी. कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने १९२७ साली 'मदर इंडिया' लिहून साऱ्या देशाची बदनामी केली. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार-तपासनिसाचा अहवाल म्हटले, आणि त्याच लेखात प्रत्येक भारतीयाने ते वाचण्याजोगे आहे, असेही म्हटले. लाला लजपतरायांनी 'अनहॅपी इंडिया' लिहून उत्तर दिले. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर संततिनियमनाचा वाद घालायला थेट वर्ध्यात आल्या. मते जुळली नाहीत. पण दार उघडे होते. स्वतंत्र भारताने मात्र गांधीजींवरच्या कडवट टीकेसाठी आर्थर कोस्लरच्या 'द लोटस अँड द रोबो' या १९६० च्या पुस्तकावर बंदी घातली. २०११ साली जोसेफ लेलिव्हेल्ड यांच्या गांधीचरित्रावर गुजरातने बंदी घातली, तेव्हा बंदी नको असे म्हणणाऱ्यांत गांधीजींचे नातू राजमोहन आणि गोपालकृष्ण गांधी होते. ज्यांच्या घरातला माणूस, ते शांत होते.

आता आरशाची दुसरी बाजू. जून २०२५ पासून अमेरिकेने विद्यार्थी-व्हिसा मागणाऱ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांसाठी खुली ठेवण्यास सांगितले आहे. त्यानंतर आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. एम. एस.ला निघाला होता. त्याने पूर्वी अमेरिकेच्या अध्यक्षांवर एक वात्रटिका लिहिली होती आणि आम्ही ती कौतुकाने आमच्या पानावर टाकली होती. "सर, तेवढी काढून टाका," तो खालच्या आवाजात म्हणाला. आम्ही काढली. वडिलांनी शेत गहाण टाकले होते; आम्ही आणखी काय करणार? त्या क्षणी अमेरिकेच्या अध्यक्षांची प्रतिष्ठा तसूभरही वाढली नाही. आमच्या एका बऱ्या कवीने लिहिणे मात्र थांबवले आहे. आपला नियम योग्य आणि त्यांचा अन्याय्य, असे आम्हाला कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

कोणालाही, कशासाठीही येऊ द्यावे असे आम्ही म्हणत नाही. हेरगिरी करणारा, दंगल पेटवणारा, हिंसेला चिथावणी देणारा परका रोखलाच पाहिजे. परकीयाला बाहेर काढण्याचा शासनाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच अमर्याद ठरवला आहे आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो भक्कमच ठेवला आहे. अधिकार इतका मोठा असल्यामुळेच त्यात 'अवमान' हे कारण घालू नये. हिंसेला पुरावा लागतो. अवमानाला कोणाचे तरी दुखावलेले मन पुरते, आणि दारातल्या खिडकीमागे बसलेल्या अधिकाऱ्याला कारण लेखी देण्याचीही गरज वाटत नाही.

स्पर्धेचा निकाल अर्थातच अनुकूल बाजूने लागला. पारितोषिक वितरणानंतर तो द्वितीय वर्षाचा मुलगा आमच्यापाशी आला आणि कीर्तन्यांची ती टीका कुठे वाचायला मिळेल, असे विचारू लागला. आम्ही त्याला ग्रंथालयात घेऊन गेलो. पुढच्या हिवाळ्यात हाच विषय पुन्हा ठेवणार आहोत. प्रतिकूल बाजूचे पहिले नाव त्याने आत्ताच देऊन ठेवले आहे. व्हिडिओची अट त्याने अजून मागे घेतलेली नाही.