जुन्या विक्रमाचा पक्का काटा

डिसेंबर 1948. पुण्यात काठियावाडविरुद्धच्या रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर 443 धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा 452 धावांचा तेव्हाचा जागतिक विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, डाव घोषित करा म्हणून अडून बसले आणि अखेर सामनाच सोडून संघासह निघून गेले. निंबाळकरांना कसोटी खेळायला कधीच मिळाली नाही. तरी पाऊणशे वर्षांनंतरही क्रिकेटवेड्यांच्या तोंडी त्यांचे नाव आहे, ते त्या एका आकड्यामुळे.

हा आकडा मोठा आहे म्हणून पूज्य आहे, असे मला वाटत नाही. तो मोठा ठरला नंतरच्यांच्या प्रयत्नांनी. संजय मांजरेकर 377 वर थांबले, 2023 मध्ये पृथ्वी शॉ 379 वर. अशी प्रत्येक खेळी 443 ची उंची नव्याने दाखवून जाते. अमेरिकेत बेसबॉलपटू जो डिमॅजिओने 1941 साली सलग 56 सामन्यांत हिट मारले. तिथले लोक त्या आकड्याला आजही जपतात, ते याच कारणाने. विक्रम करतो एक जण, पण त्याचे मोल पुढच्या पिढ्या ठरवतात.

यावर आक्षेप येतो की काळ वेगळा, प्रतिस्पर्धी दुबळे, मग तुलना कसली? पण दुबळ्या संघांविरुद्ध खेळण्याची संधी पुढेही अनेकांना मिळाली, खेळपट्ट्या सुधारल्या, बॅटी दणकट झाल्या; रणजीत 443 मात्र कुणाला ओलांडता आले नाहीत. दुसरा आक्षेप असा की जुन्यांच्या भक्तीत आजच्या खेळाडूंवर अन्याय होतो. त्याचे उत्तर आपल्या विदर्भातच आहे. एका रणजी हंगामातील बिशनसिंग बेदी यांचा 64 बळींचा विक्रम 1974-75 पासून चार दशकांहून अधिक काळ टिकला. 2018-19 मध्ये बिहारच्या आशुतोष अमनने प्लेट गटात 68 बळी घेऊन तो मोडला आणि 2024-25 मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबेने 69 बळी घेऊन अमनला मागे टाकले. त्याच हंगामात विदर्भाने रणजी करंडकही जिंकला. दुबेचे 69 किती भारी, हे समजते ते बेदींच्या 64 मुळेच. सामने किती, गट कोणता, ही चर्चाही व्हायलाच हवी. आदर म्हणजे डोळे मिटून हात जोडणे नव्हे.

अकोटच्या कापूस बाजारात काटा पक्का असेल तरच शेतकरी वजन मान्य करतो. जुना विक्रम हा खेळाचा तसाच काटा आहे. उद्या वऱ्हाडातल्या एखाद्या पोराने 444 वी धाव घेतली, तर तिचे वजन सांगायला निंबाळकरांचे 443 च लागतील.