साक्ष कोण देणार?

आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न म्हटला की आपल्याला गडचिरोली आठवते, मेळघाट आठवतो. मेहकर आठवत नाही. बुलडाणा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा कायदा इथे लागू नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्याला तशी हद्द नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसून तिच्यावर जगणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो.

घोडे अडते ते पुराव्यापाशी. पारधी समाजाचेच पाहा. इंग्रजांनी १८७१ साली आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याची झळ त्यालाही लागली. तो कायदा १९५२ साली गेला. संशय मात्र राहिला. ज्यांना एका गावात टिकूच दिले नाही, त्यांनी कागद आणायचा कुठून?

नियमांत यावर तोड आहे. बांध, विहीर, झोपडी, दफनभूमी यांच्या खुणा पुरावा ठरतात आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही. मात्र हा जबाब दावेदाराचा स्वतःचा चालत नाही, दुसऱ्याचा लागतो. म्हणजे ज्या म्हाताऱ्याने शेजारच्या रानात त्यांना नांगर धरताना पाहिले, त्याने ग्रामसभेत उभे राहून तसे सांगायला हवे.

गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, कारण तिथे ग्रामसभा एका विचाराने बसली होती. कायदा दिल्लीत झाला. त्याचा पहिला निवाडा गावाच्या पारावर होतो. तिथे गप्प बसणे हासुद्धा एक निकालच असतो.