वॅटचे आकडे आणि ग्राहकाचा खिसा

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी मार्गावर किंवा लॅमिंग्टन रोडवर मोटारीसाठी सबवूफर घ्यावयास गेलेल्या ग्राहकाच्या नजरेत प्रथम भरतो तो खोक्यावरील वॅटचा आकडा. समोर ठळक अक्षरांत '१२०० वॅट' आणि मागील बाजूस, भिंग घेऊनच वाचावे अशा अक्षरांत '३०० वॅट आरएमएस', असा प्रकार या व्यापारात सर्रास आढळतो. पहिला आकडा क्षणभराच्या धक्क्याचा. तो कोणत्या परिस्थितीत मोजला, किंबहुना मोजला तरी काय, हे कोणी सांगत नाही. दुसरा आकडा सलग पेलवणाऱ्या शक्तीचा, आणि व्यवहाराला उपयोगी असा तेवढाच. मात्र किंमत ठरते ती पहिल्यावरून.

ज्या बाजारात मालाचा खरा दर्जा विक्रेत्यास ठाऊक असतो आणि ग्राहकास नसतो, तेथे वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, असे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले. त्या विवेचनासाठी २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सबवूफरच्या बाजारात नेमके हेच घडते. जो उत्पादक प्रामाणिकपणे '३०० वॅट' एवढेच छापतो, त्याचा माल शेजारच्या '१२००' पुढे दुबळा ठरतो. मग तोही आकडा फुगवतो, नाही तर दुकान आवरतो.

गंमत अशी की, ते १२०० वॅट खरे असते तरी ग्राहकाच्या पदरात फारसे पडले नसते. शक्ती दुप्पट केली की आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावा, यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. घटत्या सीमांत उपयोगितेच्या नियमाचे इतके चोख उदाहरण क्रमिक पुस्तकांतही क्वचितच सापडेल.

वास्तविक, अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर यांचा मेळ घालण्याचे गणित शाळेतील विज्ञानाच्या पलीकडचे नाही. प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइली असलेला सबवूफर घेतला, तर त्या समांतर जोडल्यास एकूण रोध २ ओहम होतो आणि एकसर जोडल्यास ८ ओहम. असे दोन सबवूफर असतील आणि चारही कॉइली समांतर जोडल्या, तर रोध १ ओहमवर येतो. प्रत्येकातील कॉइली एकसर जोडून ते दोन सबवूफर परस्परांशी समांतर जोडले, तर तो ४ ओहम राहतो. अ‍ॅम्प्लिफायर किमान २ ओहमच्या भारासाठी बनविलेला असताना "एक ओहमवर जास्त ताकद मिळते" या कारागिराच्या भरवशावर जोडणी केली, की त्यातील विद्युतधारा मर्यादेबाहेर जाते. तो तापतो आणि एक तर मधूनमधून बंद पडतो किंवा कायमचा जळतो. जळलेले यंत्र परत नेले, तर "चुकीची जोडणी" या कारणाखाली हमी नाकारली जाते. जोडणी त्याच दुकानाने केलेली असते, ही बाब निराळी! दोन सबवूफरपैकी एकाच्या अधिक-उणे तारा उलट लागल्या, तर काहीच जळत नाही. परंतु एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि मंद्र स्वर एकमेकांत जिरून जातात. ग्राहकाला वाटते, वॅट कमी पडले.

यापेक्षा गंभीर प्रश्न तारेचा आहे. अ‍ॅम्प्लिफायरने खरोखरीचे १००० वॅट बाहेर द्यावयाचे, तर ८० टक्के कार्यक्षमता धरली तरी मोटारीच्या १४ व्होल्टवर त्याला सुमारे ९० अँपिअर धारा लागते. संगीतात सरासरी मागणी बरीच कमी असते हे खरे, पण तार निवडावयाची ती कमाल मागणी पाहूनच. 'मोफत' म्हणून मिळणारी तार पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते, आणि अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच. ही तार बॅटरीपासून डिकीपर्यंत गालिच्याखालून जाते. पत्र्याच्या कडेवर तिचे आवरण घासले गेले आणि बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज नसला, तर बॅटरीची सगळी धारा त्या एका जागी धावते आणि मोटार पेटते. अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगचा फ्यूज येथे निरुपयोगी, कारण तो तारेच्या दुसऱ्या टोकाला असतो. हजारोंच्या खरेदीत हा किरकोळ किमतीचा फ्यूज वगळला जातो, कारण त्याच्यावर वॅटचा आकडा छापता येत नाही.

अमेरिकेत घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या शक्तीचे आकडे सलग मोजणीनेच जाहीर करावेत, असा नियम १९७४ साली झाला. मोटारीतील यंत्रे मात्र त्याबाहेर राहिली. त्यांच्यासाठी २००३ साली तेथील उद्योगानेच १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापर्यंतची विकृती अशी मोजपट्टी ठरविली, पण ती ऐच्छिक. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वेष्टन व लेबल यांनाही जाहिरातच मानले आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास प्रथम १० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणास दिला आहे. तेव्हा सलग वॅट, किती ओहमवर, किती व्होल्टवर आणि किमान भार किती, हे चार आकडे खोक्याच्या दर्शनी बाजूस सारख्याच आकाराच्या अक्षरांत छापण्याचे बंधन घालणे मुळीच अवघड नाही.

तोवर ग्राहकाने सलग वॅट आणि जोडणीनंतरचे ओहम हे दोन आकडे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावेत. जो लिहून देण्यास कचरतो, त्याच्याकडे खरेदी करू नये. जो लिहून देतो, त्याचा माल जळाल्यास ती पावती जिल्हा ग्राहक आयोगापुढे ठेवता येते.