रंग ही मोजपट्टी आहे, रांगोळी नव्हे

‘तानापिहिनिपाजा’ तुम्हा सर्वांना पाठ आहे. इंद्रधनुष्यातील हा क्रम निसर्गाने तरंगलांबीनुसार लावला आहे. तांबड्या टोकाला ती सुमारे ७०० नॅनोमीटर, तर जांभळ्या टोकाला सुमारे ४०० नॅनोमीटर असते. असा तयार क्रम हाताशी असताना नकाशावर तापमान किंवा पाऊस दाखवायला तोच का घेऊ नये? पुष्कळ शास्त्रज्ञांनीही असाच विचार केला आणि वर्षानुवर्षे संगणकावरील चित्रे इंद्रधनुष्याच्या रंगांत रंगवली. माझे मत मात्र असे आहे की, संख्या दाखवण्यासाठी इंद्रधनुष्य हे वाईट साधन आहे आणि तुमच्या प्रयोगवहीतून व विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यांवरून ते काढून टाकावे. का, ते सांगतो.

प्रथम एक सोपा प्रयोग करा. कागदाचे सात चौकोन कापून ते शिसपेन्सिलीने फिक्यापासून गडदपर्यंत रंगवा, मिसळा आणि मित्राला क्रमाने लावायला सांगा. तो क्षणात लावील. आता सात चौकोन इंद्रधनुष्याच्या सात रंगांनी रंगवा आणि ज्याने ‘तानापिहिनिपाजा’ ऐकलेले नाही अशा धाकट्या भावंडाला द्या. ‘यात मोठे कोण आणि लहान कोण?’ असे विचारा. ते गोंधळून जाईल आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. इंद्रधनुष्याचा क्रम आपण पाठ केलेला असतो. फिक्या-गडदाचा क्रम मात्र डोळ्याला न शिकवता कळतो.

यामागील भौतिकी पाहा. आपला डोळा सर्व रंगांना सारखा दाद देत नाही. दिवसाच्या उजेडात तो सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनक्षम असतो. संगणकाच्या पडद्यावरील शुभ्र पांढऱ्याचा उजळपणा १०० मानला, तर निव्वळ निळ्याचा उजळपणा सुमारे ७, हिरव्याचा ७२, पिवळ्याचा ९३ आणि तांबड्याचा अवघा २१ भरतो. म्हणजे निळ्याकडून तांबड्याकडे जाताना उजळपणा आधी चढतो, पिवळ्यापाशी शिखर गाठतो आणि मग धाडकन उतरतो. मोजलेली राशी मात्र सारखी वाढतच असते! त्यामुळे पिवळ्या पट्ट्याच्या कडेला नसलेली सीमारेषा दिसू लागते आणि हिरव्याच्या विस्तीर्ण पट्ट्यात असलेला फरक दडून जातो. ज्या मोजपट्टीवरील सेंटिमीटर कोठे रुंद आणि कोठे अरुंद आहेत, ती तुम्ही वापराल का?

‘थोडे चुकीचे दिसले तर काय बिघडले?’ असे कोणी म्हणेल. त्यासाठी एक उदाहरण देतो. हृदयाच्या रोहिण्यांत रक्तप्रवाहाचा भिंतीवरील घर्षणताण जेथे फार कमी असतो, तेथे रोग बळावण्याचा धोका असतो. अशी ठिकाणे चित्रात शोधण्याची एक चाचणी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केली. सपाट आकृतीत इंद्रधनुष्याचे रंग असताना १०० पैकी ६२ ठिकाणे सापडली. आकृती तीच ठेवून रंगयोजना तेवढी बदलली, तेव्हा ९१ सापडली. मोजमाप एकच, डोळेही माणसांचेच, फरक फक्त रंगांचा.

आपल्या नेहमीच्या पाहण्यातलेही एक उदाहरण घ्या. भूगोलाच्या नकाशासंग्रहात उंची दाखवताना सखल प्रदेश हिरवा आणि उंच प्रदेश तपकिरी रंगवण्याचा प्रघात आहे. त्यामुळे कच्छचे रण हिरवे दिसते! नकाशाची सूची न वाचणारा विद्यार्थी तेथे शेते आणि झाडी असल्याचे समजतो. रंगाला आपला असा अर्थ चिकटलेला असतो, हे रंगवणाऱ्याने विसरता कामा नये.

मग रंग निवडावेत कसे? आधी स्वतःला विचारा की, माझी माहिती कोणत्या प्रकारची आहे? कमी-जास्त दाखवायचे असेल, उदाहरणार्थ जिल्हावार पाऊस, तर एकच रंग फिक्यापासून गडद करीत न्या. सरासरीपेक्षा जास्त आणि कमी पाऊस दाखवायचा असेल, तर मध्ये पांढरा ठेवून एका बाजूला निळा व दुसऱ्या बाजूला तपकिरी गडद करीत जा. आणि ज्वारी, ऊस, कापूस असे नुसते प्रकार दाखवायचे असतील, तर खुशाल वेगवेगळे रंग घ्या. तेथे लहान-मोठे असा प्रश्नच नसतो.

आणखी एक गोष्ट. काही मुलांना तांबडा व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. आपल्याकडील पाहण्यांत ते बहुधा याहून कमी आढळते, पण शाळेत असा विद्यार्थी असण्याचा संभव चांगलाच असतो. तांबड्या-हिरव्याच्या भेदावर उभा केलेला तक्ता त्याच्यापुरता कोराच राहतो. विज्ञान सर्वांचे आहे असे म्हणायचे आणि तक्ता मात्र काहींनाच वाचता यावा, हे बरे नव्हे.

इंद्रधनुष्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. त्यात रंग पुष्कळ असल्याने सूचीशी ताडून एखाद्या ठिकाणचा आकडा वाचणे सोपे जाते. हे खरे आहे. पण आकडाच हवा असेल, तर कोष्टक द्यावे. चित्र काढायचे ते एकंदर कल दिसावा म्हणून, आणि इंद्रधनुष्य नेमका तोच बिघडवते. संगणकाच्या जगालाही हे पटले. आलेख काढण्याच्या ‘मॅटप्लॉटलिब’ या प्रसिद्ध साधनाने २०१७ साली इंद्रधनुष्यासारखी ‘जेट’ ही ठरीव योजना सोडून ‘विरिडिस’ स्वीकारली. ती गर्द जांभळ्यापासून निळा-हिरवा करीत उजळ पिवळ्यापर्यंत जाते आणि तिचा उजळपणा एकसारखा वाढतो. म्हणजे रंगीत चित्र काढायला बंदी नाही. उजळपणाचा क्रम सांभाळा, एवढेच.

शिक्षकबंधू आणि भगिनींना एक विनंती आहे. तक्ता किती रंगीबेरंगी आहे यावर गुण देऊ नका. त्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढून पाहा. कमी-जास्त दाखवणारा तक्ता त्या झेरॉक्समध्येही वाचता आला, तर पूर्ण गुण द्या. आणि विद्यार्थी मित्रहो, गुरुजींनी किंवा बाईंनी ही परीक्षा घेण्यापूर्वी तुम्हीच ती घ्या. आज घरी गेल्यावर आपल्या वहीतील एका नकाशापासून सुरुवात करा.