प्रश्न किल्लीचा आहे, क्वांटमचा नाही

चुकीच्या नेटवर्कवर पाठवलेले क्रिप्टो चलन परत मिळवून देतो, असे सांगणाऱ्यांचा समाजमाध्यमांवर सुळसुळाट झाला आहे. पूर्वी हे लोक स्वतःला हॅकर म्हणवीत. आता त्यांच्या तोंडी ‘क्वांटम’ आणि ‘एआय’ हे शब्द आले आहेत. राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी ६,००३ कोटींहून अधिक रुपये मंजूर करणाऱ्या देशात विज्ञानाचे नाव लबाडीसाठी इतक्या सहज वापरले जावे आणि विज्ञान वाचणाऱ्यांनी गप्प बसावे, हे मला मान्य नाही.

आधी मुळात काय घडते ते पाहू. इथेरियमवरील वॉलेटचा पत्ता म्हणजे एका गुप्त किल्लीपासून गणिताने काढलेली २० बाइटची संख्या. किल्लीवरून पत्ता क्षणात निघतो. पत्त्यावरून किल्ली निघत नाही. या पत्त्यात नेटवर्कचे नाव कोठेही नसते. पॉलिगॉन, बीएनबी चेन, आर्बिट्रम यांनी हीच पद्धत स्वीकारल्यामुळे एकच पत्ता सर्वत्र वैध ठरतो. पत्त्यातले एखादे अक्षर चुकले तर वॉलेट बहुधा हटकते. नेटवर्क चुकले तर हटकेलच असे नाही, कारण पत्त्यात काही चुकलेलेच नसते.

म्हणून ‘हरवले’ हा शब्दच फसवा आहे. चलन दुसऱ्या साखळीवर, त्याच पत्त्यावर, सर्वांना दिसेल असे पडून असते. त्या पत्त्याची किल्ली कोणाकडे आहे, एवढाच प्रश्न उरतो. पत्ता तुमच्याच वॉलेटचा असेल, तर वॉलेटमध्ये ते दुसरे नेटवर्क जोडा आणि शुल्कापुरते तिथले चलन घ्या. रक्कम तुमच्या हाती येईल. त्यासाठी कोणा ‘तज्ज्ञा’ला एक रुपयाही देण्याचे कारण नाही. पत्ता एक्स्चेंजने दिलेला असेल, तर किल्ली एक्स्चेंजकडे आहे. किल्ली कोणाकडेच नसेल, तर विषय संपला.

अपवाद म्हणून जून २०२२मधील विंटरम्यूटचे प्रकरण पुढे करता येईल. या व्यापारी कंपनीला ऑप्टिमिझम नेटवर्कवर २ कोटी ओपी टोकन पाठवण्यात आली. पत्ता होता तिच्या बहुस्वाक्षरी वॉलेटचा. असे वॉलेट म्हणजे साखळीवर उभारलेला एक प्रोग्राम. तो इथेरियमवर होता, ऑप्टिमिझमवर नव्हता. कंपनीने तो उभारण्याआधीच एका अज्ञाताने इथेरियमवरील जुना व्यवहार तिकडे जसाच्या तसा पुन्हा सादर केला आणि त्याच पत्त्यावर आपल्या ताब्यातले वॉलेट उभे केले. पुढे त्याने १ कोटी ७० लाख टोकन परत केली. येथेही कोणी कूट फोडले नाही. रिकाम्या जागेवर आधी कोण पोहोचतो, एवढाच मामला होता.

किल्ली नसली तरी यंत्र ती शोधून काढील, या दाव्याचा हिशेब पदवीच्या विद्यार्थ्यालाही करता येतो. १६० बिटांच्या पत्त्याला जुळणारी किल्ली एकेक करून शोधायची, तर २च्या १६०व्या घाताइतके प्रयत्न लागतील. प्रत्येक प्रयत्नात एकच बिट पुसला जातो असे मानून लँडॉवरच्या मर्यादेनुसार किमान ऊर्जा काढा. ती साऱ्या जगाच्या आजच्या सुमारे ७० लाख वर्षांच्या ऊर्जावापराइतकी भरते! क्वांटम संगणकाचे म्हणाल, तर शोरच्या अल्गोरिदमला सार्वजनिक किल्ली लागते. ज्या पत्त्यावरून कधी व्यवहारच झाला नाही, त्याची सार्वजनिक किल्ली हॅशच्या आड दडलेली असते. शिवाय आपल्या मोहिमेचे उद्दिष्ट ८ वर्षांत ५० ते १,००० भौतिक क्यूबिटांचे आहे. या कामाला लागणारे, दोषदुरुस्ती करणारे प्रचंड यंत्र आज जगात कोठेही नाही.

माझा खरा रोष मात्र भामट्यांवर नाही. त्यांना गिऱ्हाईक पुरवणाऱ्या व्यवस्थेवर आहे. किल्ली हाती असलेले एक्स्चेंज जेव्हा ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’ असे उत्तर पाठवते, तेव्हा ते बहुधा आपला खर्च टाळत असते. खर्च आणि सुरक्षेची जोखीम खरी आहे, हे मान्य. पण त्यावर उपाय आहे. कॉइनबेसने डिसेंबर २०२२मध्ये, आपल्याकडे चुकून आलेली व व्यवहारात नसलेली अनेक इथेरियम टोकन परत करण्याची सोय केली. १०० डॉलरवरील रकमेला शुल्क ५ टक्के. मग अशक्य ते काय?

भारतात २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, व्यवहारावर १ टक्का कपात आहे, आणि तोटा वजा करण्याची मुभा नाही. मार्च २०२३पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आहेत. या तरतुदींत सरकारचा महसूल सुरक्षित आहे, ग्राहकाची ओळख नोंदलेली आहे. चुकून आलेले चलन परत करण्याचे कर्तव्य मात्र नाही. चूक ग्राहकाची, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. चुकून मिळालेला पैसा वा वस्तू परत केली पाहिजे, असे १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सांगते. दीडशे वर्षांच्या या तत्त्वाला ब्लॉकचेनचाच अपवाद का? ज्याच्याकडे किल्ली आहे, त्याने ठरलेल्या मुदतीत, जाहीर शुल्क घेऊन चलन परत करावे, असा नियम सरकारने करावा.

तोवर विद्यार्थी मित्रांनी दोन गोष्टी घरोघरी सांगाव्यात. मोठी रक्कम पाठवण्याआधी त्याच नेटवर्कवर थोडी पाठवून पाहावी. आणि चलन परत आणून देतो म्हणणाऱ्याला विचारावे : त्या पत्त्याची किल्ली तुझ्याकडे कशी आली? तो उलट तुमचेच गुप्त शब्द मागू लागला, तर संभाषण तेथेच थांबवावे आणि १९३० या सायबर मदतक्रमांकावर कळवावे.