सर्वसामान्य देह कोणाचा?

ब्रिटनमधील 'यूके बायोबँक' या संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक लाख स्वयंसेवकांच्या देहचित्रणाचा टप्पा गाठला. २०१४ साली आरंभलेल्या या कार्यात एकाच व्यक्तीच्या मेंदूचे, हृदयाचे व उदराचे एमआरआय, हाडांच्या घनतेचे क्ष-किरण मापन आणि मानेतील रोहिणींची सोनोग्राफी अशा तपासण्या एकत्र आणल्या गेल्या. हृदय एका तज्ज्ञाकडे आणि मेंदू दुसऱ्याकडे ही वाटणी वैद्यकाने केली. रोग ती मानीत नाही. म्हणूनच या संयोगाचे मोल मोठे आहे. यंत्र पाहून नाक मुरडणे हे समाजवाद्याचे काम नव्हे.

परंतु या चित्रांत कोण आहे? २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या सुमारे ९२ लाख लोकांना निमंत्रणे गेली. आले पाच लाख, म्हणजे शेकडा साडेपाच. सर्वसाधारण जनतेच्या तुलनेत ते अधिक सुस्थितीतील वस्त्यांतले, कमी धूम्रपान करणारे आणि बहुतांशी गौरवर्णीय. चित्रणासाठी बोलावले गेले ते यांच्यातूनच.

यावर शास्त्रज्ञांचे उत्तर तयार असते: एखादा घटक व रोग यांचा संबंध तपासण्यास नमुना जनतेची हुबेहूब प्रतिकृती असावा लागत नाही. एका मर्यादेपर्यंत हे खरे आहे. पण याच चित्रांवरून निरोगी मेंदूचे आकारमान ठरू लागले, संगणकाला रोग ओळखण्याचे शिक्षण मिळू लागले, की नमुन्याचा मापदंड होतो. मग सुखवस्तूचा देह तेवढा 'मानवी' ठरतो आणि श्रमाने झिजलेला देह अपवादात जमा होतो. ज्याच्यावर रोगाचा घाला आधी पडतो, त्याचीच मोजदाद शेवटी!

या प्रकल्पाला सरकारी मेडिकल रिसर्च कौन्सिलचा पैसा मिळाला आणि स्वयंसेवकांनी आपले देह विनामोबदला दिले. मान्यता व शुल्क यांच्या बळावर खाजगी कंपन्याही ही सामग्री वापरतात. त्यांच्या शोधांवर बायोबँक स्वामित्व सांगत नाही. जनतेने पेरावे आणि कंपनीने खळे लुटावे, हा व्यवहार न्याय्य कसा म्हणावा?

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. चित्रणाची यंत्रे कामगार वस्त्यांपर्यंत न्या. येणाऱ्याची बुडालेली मजुरी भरून द्या. आणि या सामग्रीतून नफा कमावणाऱ्याकडून सार्वजनिक आरोग्यसेवेचा वाटा करारानेच वसूल करा. असे प्रकल्प जेथे जेथे उभे राहतील, तेथे हा जाब पहिल्या दिवशीच विचारला गेला पाहिजे. मापदंड एकदा रूढ झाला की तो बदलणे फार कठीण असते.